छातीचा फोटो

हे वाचून कोणाला धीर येईल असं मला वाटत नाही, ते आधीच सांगून टाकतो. दुखण्यातून उठलेली माणसं लिहायला बसली की शेवटी सगळं गोड करतात. माझा रोग बरा झाला, हे खरं आहे. सात वर्षं गोळ्या खाल्ल्या, डॉक्टरांनी बरा झाल्याचा कागद दिला, आणि आज मी याच हातांनी लिहितो आहे. डावी करंगळी तेवढी वाकडी राहिली. ज्यांना अंगावर बधिर चट्टा दिसला असेल त्यांनी दडवत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. रोग औषधानं जातो. एवढं सांगून तो विषय मी मिटवतो. मला लिहायचं आहे ते एका सहीबद्दल, आणि त्या सहीनं माझ्या बहिणीचं काय केलं त्याबद्दल. यातली सगळी नावं बदललेली आहेत. बहिणीचं नाव शकू नाही, पण शकू लिही असं तिनंच सांगितलं.

मी अकोल्याचा शिंपी. जातीनं नव्हे, धंद्यानं. एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली काजं-बटणं करत शिकलो आणि मग बसस्टँडच्या बाजूला एका लाकडी खोक्यात माझं मशीन टाकलं. लोक मास्तर म्हणत. शाळेतला नव्हे, कापडातला. घरात मी, माझी बायको विमल आणि माझी धाकटी बहीण शकू. बाप लवकर गेला. माय छातीच्या रोगानं गेली तेव्हा शकू नऊ वर्षांची होती. तिची वेणी विमल घालायची आणि अभ्यास मी घ्यायचो, मला स्वतःला चौथीच्या पुढचं काही येत नसताना. पोरगी सातवी पास झाली. आमच्या घराण्यातली पहिली.

धम्म घेतल्यापासून आमच्या वस्तीला एक वेगळंच बळ आलं होतं. ज्यांच्या विहिरीवर माझी माय कोणी पाणी वाढेल म्हणून तासतास उभी राहायची, त्यांच्या घरचे सदरे आता माझ्याकडे येत. "आंधी हे लोक आमाले शिवत नव्हते, आता आमीच यायले शिवतो," असं मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायचो, आणि गिऱ्हाईकही हसायचं. मस्ती होती अंगात, दुसरं काय.

सुई

एका सकाळी पायजम्याला शिलाई मारत होतो. विमल डबा घेऊन आली आणि किंचाळली, "अवो, बोट! बोट पाहा तुमचं!"

मशीनची सुई डाव्या करंगळीतून आरपार गेली होती. कापड लाल झालं होतं आणि मी आपला पाय मारतच होतो. विमलनं चिंधी गुंडाळली.

"दुखत नाई काय?"

"नाई ना."

"काहून नाई?"

मी चिंधीवरून बोट दाबून पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "तुमच्या पाठीवर एक चट्टा आहे. सहा महिन्यांपासून पाहून राहिली मी. नायटा असन म्हणून बोलली नाई." मी सदरा काढला. तिनं चट्ट्यावर सुईचं टोक लावलं, आणि मी म्हणालो, लाव ना. ती रडायला लागली.

अकोल्यातल्या दवाखान्यात जायची माझी छाती झाली नाही. तिथल्या व्हरांड्यात दहा माणसं उभी असली तर चार माझ्या हातचे कपडे घातलेली निघतील. म्हणून अमरावती धरली. बडनेऱ्याला गाडी बदलायची, उतरून पायी जायचं. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. कातडीच्या रोगांचे लोक तिथं मंगळवारी बसायचे.

डॉक्टर पुण्याकडचे होते, बोलणं स्वच्छ. म्हणाले, "डोळे मिटा. मी कापूस लावतो. जिथं लागेल तिथं बोट ठेवून दाखवा."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. शेवटी म्हणालो, "लावा ना साहेब."

"सात वेळा लावला," ते म्हणाले.

मग त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. महारोग. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. का, ते आजही सांगता येत नाही. कदाचित त्यांच्या खुर्चीला आपण शिवलो असं वाटलं असेल. जे ऐकून ऐकून आमच्या तीन पिढ्यांच्या पाठी वाकल्या आणि जे नुकतंच झटकून आम्ही ताठ उभे राहिलो होतो, ते माझ्या अंगात आपोआप परत आलं. डॉक्टर म्हणाले, "बसा हो. कोणी हाकलत नाही तुम्हाला." पण मी उभाच राहिलो.

नाव लिहून घ्यायला कारकून होता, बोलण्यावरून आमच्या वऱ्हाडातलाच. मी त्याला विचारलं, "हे नाव कोनाले समजन काय?"

"कोनाले समजते? रजिस्टर कपाटात राह्यते, कपाटाले कुलूप राह्यते, अन् चाबी माह्या जानव्याले राह्यते," तो म्हणाला आणि खरंच सदऱ्यातून चावी काढून दाखवली. मला इतकं बरं वाटलं की मी खरं नाव सांगितलं.

मंगळवार

एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी जायचं. गोळ्या मोजून मिळायच्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं, अमरावतीच्या एका शाळेचे गणवेश शिवायला घेतले आहेत. शकूलाही तेच सांगितलं. विमल म्हणत होती, पोरगी मोठी झाली, तिला सांगा. मी म्हणायचो, तिला कशाला घोर लावायचा, तिच्या भल्याचं मला समजतं. हे वाक्य मी त्या दिवसांत फार वापरायचो.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नव्हतो, गावानं मारायचो. "काय परतवाडा, पाय कसा आहे?" "काय हो बार्शीटाकळी, मागच्या खेपेले आले नाई!" ते गावही बहुतेकांचं खोटं. मी स्वतः मूर्तिजापूर होतो. एक धिप्पाड म्हातारा दर्यापूर होता, तो नेहमी डोक्याला फेटा असा गुंडाळून यायचा की फक्त नाक दिसावं. म्हणायचा, "इथंच काय ते जिवाले बरं वाटते बावा. इथं सारे खोटे, म्हणून सारे भाऊ."

पट्टी बांधणारा जो माणूस होता तो हातमोजे घालत नसे. माझी करंगळी आपल्या उघड्या तळव्यावर घेऊन सरळ करायचा, चोळायचा, गाणं गुणगुणायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या हाताच्या आशेवर मी पंधरा-पंधरा दिवस काढायचो.

फोटो

दुसऱ्या हिवाळ्यात एका मंगळवारी कारकुनानं हाक मारली. "मास्तर, इकडं या. फोटो काढाचा आहे तुमचा. आंधी इथं सई मारा."

कागद इंग्रजीत होता, टाइप केलेला.

आता 'फोटो' या शब्दाचं सांगतो, कारण सगळं तिथंच अडकलं. आमच्याकडे फोटो दोन प्रकारचे. एक स्टुडिओतला, कोट घालून काढतात तो. दुसरा दवाखान्यातला. मायची छाती बिघडली तेव्हा डॉक्टरनं सांगितलं होतं, छातीचा फोटो काढून आणा. तिला कानातल्या लोलक्या आणि गळ्यातली पोत काढून पाटीला टेकवून उभं केलं, श्वास रोखा म्हणाले, आणि एक काळा कागद हातात दिला. उजेडाकडे धरला की मायच्या फासळ्या दिसायच्या. एक्स-रे हा शब्द आम्ही कोणी वापरत नव्हतो, आजही फारसं कोणी वापरत नाही. दवाखान्यात फोटो म्हटला की हाडांचा.

मला वाटलं, करंगळीचं हाड पाहायचं असेल. मी विचारलं, "पैसे पडतील काय?" कारकून म्हणाला, "फुकट आहे." मी सही केली. माझी सही चांगली आहे. वळणदार. उस्तादाच्या दुकानात दोन महिने खडूनं कापडावर गिरवून ती बसवली होती मी. अंगठा उठवायचा नाही असं ठरवलं होतं ना!

सदरा काढा म्हणाले, काढला. छातीच्या फोटोलाही सदरा काढावाच लागतो. मागच्या अंगणात उन्हात पांढरी चादर टांगली होती आणि तिपाईवर डबा होता. कॅमेरा मी ओळखला नाही असं नाही. पण दवाखान्याच्या यंत्रात काय काय असतं ते मला काय ठाऊक? म्हटलं, मायच्या वेळचं यंत्र जुनं, आता नवीन निघालं असेल, उन्हात चालणारं.

फोटोवाला म्हणाला, "इकडे तोंड करा. आता कान दाखवा. हात छातीवर, बोटं पसरा."

मी विचारलं, "श्वास रोखू काय?"

तो हसला. "रोखा, रोखा."

मी रोखला. चांगला गच्च रोखला, फासळ्या स्पष्ट याव्यात म्हणून. याच्याइतका मूर्ख माणूस तुम्ही पाहिला आहे काय?

पुढच्या खेपेला मी कारकुनाला विचारलं, "काय निघालं हाडात?"

"कायच्या हाडात?"

"त्या फोटोत."

"थो फोटो वरती गेला," तो म्हणाला. मी समजलो, वरचे मोठे डॉक्टर पाहत असतील. घरी येऊन विमललाही कौतुकानं सांगितलं, वरपर्यंत गेला म्हणून.

अकोट

शकूला अठरावं लागलं तेव्हा अकोटचं स्थळ आलं. पुंडलिकराव म्हणून होते, कापसाच्या जिनात काट्यावर वजन करायचे. त्यांचा मुलगा मधुकर प्राथमिक शाळेत मास्तर, माझ्यासारखा कापडातला नव्हे. पोरगा शांत, डोळे खाली ठेवून बोलणारा. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. त्या दिवशी पुंडलिकराव रंगात येऊन सांगत होते, तरुणपणी एका हॉटेलात त्यांना चहा कान तुटलेल्या कपात मिळायचा, तो कप बाहेर खुंटीला वेगळा टांगलेला असायचा. एके दिवशी त्यांनी तो कप दगडावर आपटला आणि पळाले. सगळे हसले. शकूला मी पाहिलं, ती आतल्या दाराशी उभी राहून मधुकरकडे पाहत होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की मी मान वळवली. पोरीला तो आवडला होता हो. मनापासून आवडला होता.

नवरदेवाचा कोट मीच शिवणार असं मी जाहीर केलं. कच्चा टाका घालून कोट घेऊन मी एसटीनं अकोटला गेलो, मापाला. कोट मधुकरच्या अंगावर असा बसला की पुंडलिकरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "चाला सोयरे, जेवाले येळ आहे. मैदानावर सरकारी प्रदर्शन लागलं. फुकट आहे, पाहून येऊ."

मोठा पेंडॉल होता. बियाणं, खत, कापसाच्या किडी. मग आरोग्य. माशी कशी बसते, विहिरीत औषध कसं टाकायचं. बाया-माणसांची दाटी होती. मी पुढे होतो, पुंडलिकराव आणि मधुकर माझ्या मागे. एक माणूस हातात छडी घेऊन मोठ्यानं सांगत होता. मी फलकाकडे पाहिलं.

फलकावर मी होतो.

छातीपर्यंत, उघडा, हात छातीवर पसरलेले. पुरुषभर उंच. गाल फुगवून श्वास रोखलेला. वर अक्षरं होती: महारोग वेळीच ओळखा.

छडीवाला म्हणत होता, "हा रोगी बघा. दिसायला धडधाकट. तुमच्या शेजारी बसेल, तुमच्या घरी जेवेल, तुम्हाला पत्ताही लागणार नाही. कानाची पाळी बघा. करंगळी बघा." आणि छडीचं टोक माझ्या करंगळीवर ठेवलं.

मी डावा हात खिशात घातला. नसता घातला तर कदाचित कोणी पाहिलंही नसतं. मागून एक बाई म्हणाली, "अवो माय, हे तं तेच!" पुंडलिकराव फलकाकडे पाहत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा फलकाकडे. मधुकरनं मान खाली घातली. पुंडलिकराव वळले आणि चालू लागले, आम्ही त्यांच्या मागे, आणि रस्ताभर ते माझ्यापेक्षा दहा पावलं पुढे होते.

घरी जेवणाचं कोणी काढलं नाही. चहा आला. सगळ्यांना कपबशी आणि माझ्यापुढं कान तुटलेला कप. पुंडलिकराव भिंतीकडे पाहत बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही मी पाहिलं, खोटं कशाला बोलू? पण कप त्यांनी बदलायला सांगितला नाही. मी चहा पिऊन कोट तिथंच सोडून निघालो.

चौथ्या दिवशी मध्यस्थ आला. अंगणातच उभा राहून म्हणाला, सोयरीक मोडली असं समजा. शकू दारात होती. तिनं त्यालाच विचारलं, "काहून?" आणि त्यानं सगळं सांगितलं. माझ्या बहिणीला माझा रोग परक्या माणसाच्या तोंडून समजला.

ती माझ्याकडे वळली. "दादा, दोन वर्षं झाले? अन् मले नाई सांगतलं?"

"तुले कायले सांगाव बेटा..."

"मले कोनीच काई सांगत नाई," ती म्हणाली आणि आत गेली. मधुकर एकदा येईल असं तिला वाटत होतं. पंधरा दिवस ती स्टँडकडच्या रस्त्याला तोंड करून बसायची. तो आला नाही. त्याला दोष कोणत्या तोंडानं द्यायचा?

अकोट ते अकोला बातमीला किती वेळ लागणार? गिऱ्हाइकं अर्धे शिवलेले कपडे परत न्यायला आली. एकानं तर आपलं कापड काठीनं उचललं. मी शिवलेलं शिवायला कोणी तयार नव्हतं. माझे उस्ताद तेवढे आले, म्हातारे झाले होते, स्वतःचा पायजमा पुढ्यात टाकून म्हणाले, "नेफा उधड गया है, सी दे." मी शिवेपर्यंत लुंगी लावून समोर बसून राहिले आणि तोच घालून गेले. त्या वर्षातलं माझं ते शेवटचं काम. विमल लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. एकदा रागाच्या भरात मी तिला म्हणालो, तूही जा माहेरी. ती भाकर थापता थापता म्हणाली, "म्या काय तुमचा फोटो पाहून लगन केलं होतं काय?" इतक्या दिवसांत त्या घरात कोणी हसलं असेल तर तेव्हाच.

कागद

अमरावतीला मी मंगळवारची वाट न पाहता गेलो. आधी कारकुनावर ओरडलो. तो उलट माझ्यावरच चढला. "आमी तुमचं नाव सांगतलं काय कोनाले? पाहा, चाबी पाहा! रजिस्टर अजून कपाटातच आहे." आणि तो खरं बोलत होता. नाव कपाटात होतं, कुलूपबंद. तोंड तेवढं बाजारोबाजार हिंडत होतं.

डॉक्टरांनी माझा कागद मागवला. वाचून दाखवला. त्याचा अर्थ असा की माझी छायाचित्रं शिकवण्यासाठी आणि लोकांना माहिती देण्यासाठी वापरायला माझी हरकत नाही.

"ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग?"

मी म्हणालो, "साहेब, मले वाटलं हाडाचा फोटो आहे."

त्यांना आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. वाईट माणूस नव्हता तो. त्यानंच मला बरं केलं. म्हणाले, "मास्तर, बाहेर बाकावर जा आणि विचारा, कोण कुठून आलंय. प्रदर्शन पाहून अकोटचे लोक स्वतःहून तपासायला आलेत. तुमच्या फोटोमुळे. त्यांची बोटं वाचतील."

मी बाहेर पाहिलं. खरंच होतं. एक बाई कडेवर लेकरू घेऊन बसली होती, मला पाहून तिनं चटकन पदर ओढला. तिनं मला ओळखलं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. माझ्या शकूच्या बदल्यात तुझं बोट, असं मनात आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

"काढून टाका साहेब तो फोटो," मी म्हणालो.

"सरकारी आहे. माझ्या हातात नाही. पण डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवायला लिहितो."

त्यांनी लिहिलं. पट्टी चिकटवली गेलीही. फलक पुढे दोन वर्षं जत्रांतून, बाजारांतून फिरला. तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. ज्यांना नव्हतं त्यांना पट्टीमुळे झालं. लोक विचारायचे, हा कोण, याचे डोळे काहून झाकले? आणि कोणीतरी सांगायचं, अकोल्याचा मास्तर आहे थो.

साफ

सात वर्षांनी डॉक्टरांनी मला रोगमुक्त म्हणून कागद दिला. मी तो घेऊन अकोटला गेलो, वेडा. मधुकरचं लग्न होऊन दोन लेकरं झाली होती. पुंडलिकराव दारातच म्हणाले, "कागद कोन वाचते मास्तर? फोटो साऱ्यायनं पाह्यला."

शकू चोविशीची झाली. स्थळं यायची आणि कुठूनतरी ऐकून फिरायची. ती आता बालवाडीत शिकवत होती, घर तिच्याच पगारावर चाललं होतं. मला एकच ध्यास होता: माझ्यामुळे मोडलं ते मी जोडून देईन, मग मरेन.

जवळच्या एका गावचा बिजवर होता. किराणा दुकान, मागची बायको बाळंतपणात गेलेली. त्याची आई आणि मावशी आल्या. माझं सगळं त्यांना ठाऊक होतं. आई म्हणाली, "आमाले चालते. पन पोरगी एकदा आतून पाहू द्या. अंगावर काई नाई ना, एवढंच."

मी म्हणालो, "पाहा ना. लपवाचं काय आहे त्यात?"

विमल दचकली. "अवो, तिले तं इचारा."

"इचाराचं काय? साफ आहे ते. दोन मिनिटाचं काम."

शकू आत भाजी चिरत होती. त्या दोघी आत गेल्या, दार लावून घेतलं. मी अंगणात उकिडवा बसून होतो. बऱ्याच वेळानं दार उघडलं. दोघींनी रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, कोपरापर्यंत. मावशी म्हणाली, "साफ आहे पोरगी. मांडी-पाठ सारं पाह्यलं. टाचनीबी लावून पाह्यली."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सात वर्षांत झाला नव्हता इतका. मी विमलला ओरडून चहा ठेवायला सांगितला.

शकू बाहेर आली. लुगड्याचा पदर गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळलेला. त्या बायांना म्हणाली, "तुमी जा. मले हे लगन कराचं नाई." त्या हबकल्या, मग बडबडत निघून गेल्या. चहा चुलीवर तसाच उकळत होता.

मी तिच्या अंगावर ओरडलो. इतकी वर्षं कधी ओरडलो नव्हतो. "काय केलं व तू हे? आलेलं सोनं लाथाडलं! मी काय वाईटासाठी केलं काय? तुह्या भल्यासाठीच केलं ना!"

ती रडत नव्हती. तिचा आवाजही वर गेला नाही. म्हणाली, "डाक्टरबी तुले हेच म्हने ना, दादा? पन त्यानं तुह्यापुढं कागद तं ठेवला होता. तू मले तेवढंबी इचारलं नाई."

ती आत गेली आणि राहिलेली भाजी चिरू लागली.

तिच्या लग्नाचा विषय या घरात नंतर कधी निघाला नाही. ती आज बेचाळीस वर्षांची आहे.